पांढऱ्यांनी खाल्लेली साखर

मित्रांनो, मी एक जुनी भिंगरी आहे. खेळण्यातली नव्हे, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतली. कागदोपत्री माझं नाव सेंट्रिफ्यूज. पण ते म्हणताना म्हाताऱ्या डॉक्टरांची कवळी सटकायची, म्हणून त्यांनी मला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. आपली कहाणी सांगणारी वस्तू शेवटी सगळ्यांना माफ करते असं मी ऐकलं आहे. फाटकी छत्री माफ करते, मोडकी खुर्ची माफ करते. मी करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांनी खुशाल खुर्चीकडे जावं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी पोट, आत मोटर, वर आठ भोकांची थाळी आणि थाळीवर बिजागरीचं झाकण. मला घडवणारा कारागीर भलता हट्टी होता. थाळी फिरवायचा, कान लावायचा, जराशी थरथर ऐकू आली की पुन्हा कानशीने घासायचा. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याने माझ्या झाकणावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि मला पूर्ण वेगाने सोडलं. पेल्यातला एक थेंबही सांडला नाही. "जा आता," तो म्हणाला, "माहेरचं नाव राख." ते मी राखलं. बाकीच्यांनी काय राखलं ते पुढे कळेलच.

म्हाताऱ्या डॉक्टरांची प्रयोगशाळा दोन खोल्यांची होती. बाहेर बाकं, आत एक लांब टेबल, खिडकी, आणि खिडकीशेजारी मी. माझं काम सोपं होतं. नळीत रक्त न साकळण्याचं औषध आधीच असायचं. अशा नळ्या थाळीत बसवायच्या, झाकण लावायचं आणि मी दहा मिनिटं गरागरा फिरायचं. जड असेल ते तळाला जातं, हलकं वर राहतं. तळाशी तांबड्या पेशी, त्यांच्यावर दुधावर धरते तशी पांढऱ्या पेशींची पातळ साय, आणि सगळ्यात वर पिवळसर पाणी. साखर मोजायची ती या पाण्यातली.

माझं पथ्य एकच. समोरासमोर सारखं वजन हवं. एकच नळी असेल तर तिच्यासमोर तेवढंच पाणी भरलेली दुसरी नळी बसवायची. नाहीतर मी थरथरते, टेबल हादरतं आणि नळी फुटते. "एकट्याला कधी फिरवू नये," डॉक्टर म्हणायचे. "तो स्वतः फुटतो आणि घरही हलवतो."

डॉक्टरांचा दुसरा नियम वेळेचा होता. रक्त काढलं की लगेच माझ्या झाकणावर खडूने वेळ लिहायची. अर्ध्या तासाच्या आत मी फिरलंच पाहिजे. पिवळं पाणी वेगळं झालं की मग ती वेळ पुसायची. झाकणावर जुनी वेळ दिसली तर डॉक्टर असा आरडाओरडा करायचे की बाकांवरचे लोक उठून उभे राहायचे.

त्या दिवसांत ताई नवी होती. ताई म्हणजे रक्त काढणारी, मोजणारी, माझी पुसपास करणारी. एके दिवशी तिने धीर करून विचारलं, "डॉक्टर, इतकी घाई कशाला? रक्त काही पळून जातंय का?"

डॉक्टरांची त्या दिवशी दाढ सुजली होती, अंगात ताप होता. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि म्हणाले, "घे माझंच. दोन नळ्या भर." शाळेतून आलेली त्यांची मुलगी बाकावर पाय हलवत बघत होती. एक नळी त्यांनी लगेच माझ्यात बसवली. दुसरी खिडकीतल्या उन्हात ठेवून दिली आणि संध्याकाळी फिरवली. पहिल्या नळीत साखर निघाली एकशे बत्तीस. दुसरीत अठ्ठावन्न.

"अगंबाई! उरलेली कुठे गेली?" ताई म्हणाली.

"खाल्ली," डॉक्टर सुजल्या गालाने हसले. "रक्त शरीराबाहेर आलं म्हणून पेशी काही लगेच मरत नाहीत. नळीत बसून त्या साखर खातच असतात. तांबड्यांची भूक बेताची. पण पांढऱ्यांचं तसं नाही. शरीरात शांतता असेल तेव्हा पांढरे सावकाश, चावून खाणारे. एकदा का जखम झाली, जंतू शिरले, की त्यांची चूलच बदलते. मग मंद आचेवर शिजवत बसायला वेळ कुणाला? मिळेल ती साखर ओरबाडायची, अर्धी कच्ची गिळायची आणि लढायला धावायचं. त्यातून ते संख्येनेही वाढतात. माझी दाढ सुजलीय म्हणून माझे पांढरे आज असे खवळलेत."

"म्हणजे साखर जास्त असली की पांढऱ्यांची मजाच," मुलगी म्हणाली.

"उलटं आहे बाळ. साखरेचा पूर आला की हेच पांढरे सुस्तावतात. जंतू समोर दिसतो आणि यांचे पाय उचलत नाहीत. जखम चिघळते. जखम चिघळली की ते चिडून सगळ्या अंगाला असे निरोप धाडतात की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, आणि साखर आणखी चढते. साखर जखमेला सोडत नाही, जखम साखरेला सोडत नाही. म्हणून मला खरा आकडा हवा. तो नळीत नासला की माणूस गेला."

ते वाक्य मी माझ्या लोखंडात जपून ठेवलं. माणसं विसरतात, लोखंड विसरत नाही.

बरीच वर्षं बरी गेली. ताईचा थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, गल्लीच्या टोकाला शिवणकाम करायचा. मशीन पायाने चालवायचं. त्या चालीचा ताल त्याच्या उजव्या पायात इतका मुरला होता की बाकावर बसून गप्पा मारतानाही पाय हलत असायचा. दर महिन्याला तो त्याच्या मशीनच्या तेलाची कुपी घेऊन यायचा आणि माझ्या मोटरीत दोन थेंब सोडायचा. "काय भिंगरे, गुडघे दुखतात का?" असं विचारायचा. मला गुडघे नाहीत. पण विचारणारा कुणी असला की बरं वाटतं.

मग डॉक्टर गेले आणि प्रयोगशाळा त्यांच्या जावयाकडे आली. हे जावईबापू स्वभावाने वाईट होते असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतं, पण नाही म्हणणार. त्यांचा एकच रोग होता. छापलेल्या कागदावर त्यांचा देवासारखा विश्वास. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी मुख्य इमारत उभी केली आणि तिथे एक मोठं यंत्र आणलं. त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की ते तासाला हजार तपासण्या करतं. मग काय विचारता! जावईबापू ते पुस्तक बगलेत घेऊन फिरू लागले.

"आता इथे काहीही फिरवायचं नाही," त्यांनी ताईला सांगितलं. "एक माणूस, एक नळी, एक पेटी. दुपारी दोनला गाडी येईल, सगळं तिकडे जाईल."

"पण साखरेच्या नळ्या?" ताई म्हणाली. "राखाडी टोपणाच्या तरी राहू द्या. त्यांत पेशींची तोंडं बांधणारी पूड असते."

"एकाच नळीत सगळं होतं. पुस्तकात छापलंय."

"आणि बोटाला टोचून बघायचं ते लहान यंत्र?"

"त्याचा कागद कुठे छापून येतो?" जावईबापू म्हणाले. झालं, तेही बंद.

ताईने दोन दिवस वाद घातला, तिसऱ्या दिवशी मान खाली घातली. मला त्यांनी बाहेरच्या खोलीत बाकांशेजारी आणून ठेवलं आणि माझ्या झाकणावर प्लॅस्टिकचं झाड ठेवलं. जिच्या डोक्यावरचा पेला पूर्ण वेगातही सांडला नव्हता, तिच्या डोक्यावर आता न वाढणारं, न सुकणारं, धूळ खाणारं झाड. अपमान म्हणतात तो याला. तिथून मला आतली खिडकी दिसायची आणि खिडकीत ठेवलेली नळ्यांची पेटी. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत ती उन्हात तापायची. पुढे गाडी ठिकठिकाणी थांबत थांबत चार वाजता मुख्य इमारतीत पोचायची. तोवर आत पंगत उठलेली असायची. मी बघत होते आणि ओरडू शकत नव्हते.

एके दिवशी दादाच्या तळव्यात टाचणी घुसली. दोन दिवस त्याला कळलंच नाही. पायाला टाचणी टोचते आणि माणसाला कळत नाही, हीच साखरेची पहिली खूण होती. जखम भरेना, तेव्हा मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरने साखर तपासून यायला सांगितलं. दादा लंगडत आला आणि माझ्या शेजारी बसला.

"उपाशी आलास ना रे?" ताईने विचारलं.

"तुझ्या वहिनीने चहाचा घोटसुद्धा दिला नाही. दारात उभी राहून पहारा दिला."

ताईने रक्त काढलं आणि नळी पेटीत ठेवली. स्वतःच्या हाताने. संध्याकाळी छापील कागद आला, एकशे आठ. ताईने आनंदाने टाळी वाजवली. "साखर नाही हं दादा! जरा काठावर आहे, पण नाही."

"मी म्हणत नव्हतो? माझ्या जिभेवरच गोडवा नाही, तर रक्तात कुठून येणार!" दादा म्हणाला, आणि त्या खुशीत त्याने बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त केला. कागद बघून डॉक्टरने नुसती पट्टी बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा पेटी, पुन्हा ऊन, पुन्हा कागद, एकशे पंधरा. दादाचे पांढरे एकीकडे साखरेच्या पुरात सुस्तावून जखम हातची घालवत होते, आणि दुसरीकडे नळीत बसून पुरावा खात होते. मी त्याच्या हाताच्या अंतरावर होते. दहा मिनिटं, मित्रांनो, मला फक्त दहा मिनिटं हवी होती.

तिसऱ्या खेपेला दादा तापाने फणफणत आला. ताईने आठ वाजता रक्त घेतलं. दहाच्या सुमारास तो बाकावरच आडवा झाला आणि त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे लगेच केलेल्या तपासणीत साखर निघाली दोनशे बासष्ट. संध्याकाळी आमचा कागद आला, एकशे चोवीस. पांढऱ्या पेशींचा आकडा मात्र दोन्ही कागदांवर एकच होता, अठ्ठावीस हजार. दुसऱ्या दिवशी ताई दोन हातांत दोन कागद धरून माझ्यासमोर उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पांढऱ्यांनी खाल्ली," ती पुटपुटली. "डॉक्टरांनी दाखवलं होतं, भिंगरे. मला दाखवलं होतं ग."

दादाच्या उजव्या पायाची दोन बोटं आणि त्यांच्यामागचा तळव्याचा तुकडा कापावा लागला. मशीनचा ताल ज्या पायात होता, तोच पाय.

ताई ते कागद घेऊन जावईबापूंकडे गेली. त्यांनी ते नीट पाहिलेसुद्धा नाहीत. "ताई, यंत्र तासाला हजार तपासण्या करतं. ते चुकेल, का तुमचा हात चुकेल?"

"हात चुकला असता तर पांढऱ्यांचा आकडा दोन्हीकडे सारखा कसा आला असता?"

"छापलंय ते बरोबर आहे."

"मग दवाखान्यातला कागद काय हाताने लिहिलाय?"

यावर ते चिडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसं झालं. रक्त घेणारीने हलगर्जीपणा केला असं त्यांनी चारचौघांत सांगितलं, ताईच्या हातातली सुई काढून घेतली आणि तिला दारात टोकन वाटायला बसवलं. भावाचा पाय तिच्याच हाताने गेला असं लोक तिच्या तोंडावर बोलू लागले. ते अर्धं खरं होतं, आणि ती ते जाणून होती. खरं सांगायचं तर मलाही तिचा राग आला होता. पण तिचा राग आला तसा गेला. जावईबापूंवर मात्र मी डूख धरला. रोज त्यांचे बूट वाजले की मी म्हणायची, एकदा, फक्त एकदा तू माझ्या थाळीत ये. मी अशी थरथरेन की तुझी नळी फुटून भिंतीवर उडेल.

करावं तसं भरावं, असं म्हणतात. सहा महिन्यांनी जावईबापूंच्या मानेवर काळपुळी उठली. लिंबाएवढी, लाल, अनेक तोंडांची. त्यांनी ऐटीत स्वतःचं रक्त काढायला लावलं. नवीन मुलीने ते काढलं आणि पेटीत ठेवलं. संध्याकाळी कागद आला, एकशे एकोणीस. "बघा!" ते सगळ्यांना दाखवत सुटले. "साखर नाही. साधी पुळी आहे."

पण दारात बसलेल्या ताईच्या शेजारीच पिण्याच्या पाण्याचा माठ होता. जावईबापू पाण्यासाठी येत, दोन पेले रिचवत आणि थोड्या वेळाने पुन्हा येत. त्यांचे ओठ सुकलेले, गाल बसलेले. ताईने पहिल्याच दिवशी ओळखलं. मीही ओळखलं. दुसऱ्या दिवशी पुळीभोवतीची लाली कानापर्यंत चढली. ताई टोकन वाटत राहिली. तिसऱ्या दिवशी खोली बंद करताना ती माझ्याजवळ आली आणि झाडावरची धूळ झटकत हळूच म्हणाली, "त्यांनी मला दारात बसवलं. दादाला लंगडा केला. आता त्यांचाच कागद त्यांना खातोय. मी का म्हणून तोंड उघडू?"

नको उघडू! मी जीव तोडून ओरडले. गप्प बस ताई, आणखी दोनच दिवस! माझा आवाज तिला ऐकू जाणार नव्हता, पण तिच्या डोळ्यांत तेच लिहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची मुलगी नवऱ्याला धरून घेऊन आली. जावईबापूंना चालवत नव्हतं. मान एका बाजूला कलली होती, श्वास जोरात चालला होता.

"ताई, हे दवाखान्यात यायला तयार नाहीत. रिपोर्ट चांगला आहे म्हणतात," ती म्हणाली. "बाबांची दाढ सुजली होती, त्यांनी दोन नळ्या भरल्या होत्या, आठवतं? मी त्या बाकावर बसले होते. ताई, तुमचं आमच्याशी पटत नाही मला माहितीये. पण तुम्ही तेवढं करा."

"एकशे एकोणीस," जावईबापू डोळे मिटून म्हणाले. "छापलंय."

ताईने आणखी एक टोकन वाटलं. बाकांवरचे लोक तिच्याकडे बघत होते. मी तर श्वास रोखून होते. भिंगरीला श्वास नसतो, पण त्या दिवशी मला होता. मग ती उठली. टोकनांचा डबा तिने खाली ठेवला, माझ्या डोक्यावरचं प्लॅस्टिकचं झाड उचललं आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

मला टेबलावर नेलं. जावईबापूंच्या एकाच हातातून, एकाच सुईने तिने दोन नळ्या भरल्या. एक खिडकीतल्या पेटीत ठेवली. दुसरी माझ्या थाळीत बसवली. आली, आली माझ्या तावडीत! चार वर्षं मी फिरले नव्हते. मोटर गंजली होती. मला काही करायचीही गरज नव्हती. नुसतं अडून बसायचं, किंवा जरासं लटपटायचं. कुणी मला दोष दिला नसता. जुनं यंत्र, मोडलं, संपलं.

तेवढ्यात ताईने खण उघडला आणि आतून दादाची तेलाची कुपी काढली, माझं फिरणं थांबायच्या आधी तो इथेच विसरून गेलेली. तीच. तळाशी थोडं तेल उरलं होतं. ते सगळं तिने माझ्यात सोडलं, दादा सोडायचा तसं, थांबत थांबत. मग तिने पाण्याची नळी घेतली, ती जावईबापूंच्या नळीशेजारी डोळ्यांसमोर धरली, आणि थेंब थेंब कमी-जास्त करत राहिली. थरथरायला निमित्त म्हणून तिने मला एक थेंबही ठेवला नाही.

"भिंगरे," ती झाकण लावताना म्हणाली, "माझंही मन होत नाही. पण दादाला जे मिळालं नाही, ते मी हातात असून दिलं नाही, तर मी यांच्यासारखीच झाले."

झाकणावर तिने खडूने वेळ लिहिली. आठ वाजून दहा मिनिटं. आणि कळ दाबली.

मी फिरले. दादाच्या तेलावर अडून बसणं मला जमलं नाही. रागाने दातओठ खात फिरले, पण थेंब सांडला असेल तर शपथ. पिवळं पाणी वेगळं झालं आणि डॉक्टरांच्या मुलीने फोन करून बोलावलेला गाडीवाला एवढी एकच नळी घेऊन मुख्य इमारतीकडे सुटला. पाऊण तासात फोन आला. तीनशे एक्केचाळीस. जावईबापूंचं स्वतःचं, तासाला हजार तपासण्या करणारं यंत्र बोललं होतं, म्हणून ते निमूटपणे दवाखान्यात गेले. पेटीतली नळी नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या उन्हातून संध्याकाळी पोचली. तिच्यात निघाली एकशे शहाण्णव. एका माणसाचं, एका मिनिटाचं रक्त आणि दोन छापील कागद. डॉक्टरांच्या मुलीने दोन्ही नेऊन त्यांच्या उशाशी ठेवले.

त्यांची काळपुळी कापून काढली. इन्सुलिन सुरू झालं. महिन्याभराने ते मानेला जाड पट्टा लावून परत आले. मान वळत नव्हती, कुठे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. ते ताईसमोर उभे राहिले.

"तुम्ही माझा जीव वाचवलात. काय हवं ते मागा."

"इथे बसा," ताई म्हणाली. "ज्यांच्या ज्यांच्या साखरेचा कागद या पेटीतून गेला, त्या सगळ्यांना फोन लावा. मी नाही लावणार, नवीन मुलगी नाही लावणार. तुम्ही लावा. आणि चूक कुणाची ते सांगा."

मित्रांनो, तो सूड मला विचाराल तर नळी फोडण्यापेक्षा शंभर पटींनी गोड होता. सहा दिवस जावईबापू माझ्यासमोर बसून फोन लावत होते. "तुमचा रिपोर्ट चुकीचा होता. पुन्हा या. नाही, तुमची नाही, चूक माझी." पलीकडून लोक काय काय बोलत ते मलाही ऐकू यायचं. एका आजींनी तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते ऐकून घेत. मान झुकवता येत नव्हती, म्हणून ताठ मानेने ऐकावं लागत होतं. लोक परत आले. किती जणांचे आकडे बदलले ते मी सांगत नाही. तो त्यांचा खाजगी मामला.

शेवटचा फोन ताईने लावू दिला नाही. "तिथे पायांनी जा," ती म्हणाली. पुढचं तिने मला पुसताना सांगितलं. जावईबापू दादाच्या दुकानात गेले. दादाच्या मशीनला आता मोटर बसवली होती, पण उजवा पाय बोलता बोलता अजून हलायचा. जावईबापूंनी एक नवा कागद छापून नेला होता. त्यावर लिहिलं होतं की दादाचे तिन्ही रिपोर्ट चुकीचे होते, रक्त घेणारीचा दोष नव्हता, दोष पद्धतीचा आणि मालकाचा होता. खाली सही, शिक्का.

दादाने कागद दोनदा वाचला. "मग माझी खरी साखर तेव्हा किती होती?"

"पहिल्या दोन खेपांची आता कुणालाच सांगता येणार नाही," जावईबापू म्हणाले.

दादाने मान हलवली. कागद बोटांत चोळून बघितला. "कागद चांगला जाड आहे," तो म्हणाला. मग तो टेबलावर पसरला, उजवा पाय उचलून त्यावर ठेवला, पेन्सिलीने त्या अर्ध्या पंजाभोवती रेघ ओढली आणि मोठ्या कात्रीने कापला. बुटाच्या रिकाम्या टोकात कापूस भरून गादी शिवायची होती, तिच्यासाठी तो माप शोधतच होता. सही-शिक्क्यासकट तो कागद आता दादाच्या बुटात आहे. चालताना तो रोज त्याच्यावर पाय देतो. जावईबापू ते बघत उभे होते, आणि मान वळवता येत नव्हती.

आता मी पुन्हा खिडकीशेजारी आहे. राखाडी टोपणं परत आली. ताईच्या हातात सुई आहे. आणि रोज सकाळी माझ्या झाकणावर पहिली वेळ जावईबापू स्वतः लिहितात. काल दादा आला होता नवी कुपी घेऊन. एक पाय टेकत, एक ओढत. "काय भिंगरे, गुडघे दुखतात का?" त्याने विचारलं आणि दोन थेंब सोडले.

मी जावईबापूंना माफ केलेलं नाही, मित्रांनो. मी आधीच सांगितलं होतं. फक्त एवढं करा. कुणाच्या हातातून रक्त निघताना दिसलं, तर ते कधी फिरवणार ते विचारा. वेडे म्हणतील, म्हणू द्या. छापलेल्या कागदाला तोंड नसतं, नळीतल्या भुकेल्यांना असतं. तुम्ही विचारलं नाहीत, तर माझ्या वाट्याला पुन्हा एखादं झाड येईल, आणि कुणाच्या तरी बुटात पुन्हा कापूस भरावा लागेल.